सबनीस मॅडमची व्हायल

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी ‘मला घडवणारे शिक्षक’ या विषयावर लेख मागितला, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मंडळाचे सेक्रेटरी माझे वडील कापड रंगवतात त्याच मिलमधले. ते म्हणाले, “अरे भिकन, वस्तीत एम.एस्सी. झालेला तू एकटा. तू नाही लिहिणार तर काय लूमवाले लिहिणार?” म्हणून बसलो लिहायला. घडवणारं कोण, असा विचार केला तर पहिलं नाव सबनीस मॅडमचंच आलं. ते कागदावर लिहिलं आणि मग बराच वेळ पुढे काही लिहिताच येईना. त्यांचं फक्त चांगलं लिहावं तर ते खोटं होईल. वाईट लिहावं तर मला आज जे काही येतं ते सगळं त्यांनीच शिकवलेलं आहे. तेव्हा जसं पाहिलं तसं लिहितो.

मॅडम आम्हाला जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या बडोद्याच्या. सुरतेत इतकी वर्षं राहूनही त्यांचं मराठी बडोद्याचंच राहिलं होतं, स्वच्छ आणि थंड. बारीक काठाची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि कमरेला सेफ्टी पिनमध्ये अडकवलेली एक छोटी किल्ली. आवाज कधी चढायचा नाही. आमच्या चाळीत भांडण झालं की तीन गल्ल्यांना ऐकू जातं, त्यामुळे हळू बोलणाऱ्या माणसाला घाबरायचं असतं हे मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं.

प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अर्ज पाहिला.

“भिकन? हे नाव कोणी ठेवलं?”

मी सांगितलं की माझ्याआधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने देवाकडे भीक मागून मला मागून घेतलं.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “मिळालास ना तिला? आता इथे काही मागू नकोस.”

त्यांनी मला घेतलं. बाकी कोणी घेतलं नसतं, हेही खरं.

त्यांच्या लॅबचा विषय मासे होता. आमच्या शहरात कापड रंगवणाऱ्या मिलचं पाणी खाडीत येतं. कधी जांभळं, कधी हिरवं. त्या पाण्यात मासा मरत नाही, पण आतून त्याला काय होतं, हे मॅडमना पाहायचं होतं. पेशीला ताप झाला, विष लागलं, की आतली प्रथिनं चुरगळतात, नीट घडी होत नाही त्यांची. तेव्हा पेशी एक वेगळं प्रथिन जास्त बनवते. ते बाकीच्यांच्या घड्या सांभाळतं. त्याला शॅपरोन म्हणतात. माशाच्या कल्ल्यांमध्ये हे शॅपरोन वाढलेलं दिसलं, की पाण्याने त्याला त्रास दिला असं समजायचं.

मी हे घरी वडिलांना सांगितलं. त्यांचे हात कोपरापर्यंत कायम कुठल्या ना कुठल्या रंगाचे असतात. ते जेवता जेवता अहिराणीत म्हणाले, “मासासनं करी ऱ्हायना, ते मन्हं रगत बी तपाशी दे एकदाव.” म्हणजे माशांबरोबर त्यांचंही रक्त तपासायचं. आणि हसले. आई हसली नाही.

हे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायला एक अँटिबॉडी लागते. ती फक्त त्यालाच जाऊन चिकटते. आमची परदेशातून आली होती. कस्टममध्ये अडकून, बर्फ वितळायच्या आत कशीबशी सुटून. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी, लॅबच्या भाषेत व्हायल, आणि तिच्या तळाशी जेमतेम ओल दिसेल एवढा द्राव. फ्रीझरमध्ये एक कुलपाचा डबा होता, त्यात ती असायची. कमरेची किल्ली त्या डब्याची. व्हायलमधून थेंब काढायचा तो मॅडमनीच.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “शॅपरोन म्हणजे काय? इंग्रजी पाठ केलेलं नको. तुझ्या आईला सांगशील तसं सांग.”

मी चाचरत म्हणालो, “पाठराखीण, मॅडम. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उत्तर आवडलं. आवडलंच होतं बहुतेक. त्या म्हणाल्या, “घरी काय बोलता तुम्ही? अहिराणी? मग त्यात सांग.”

मी सांगितलं, “नवरीना संगे जी बाई सासरले जास, ती.”

लॅबमधले सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव पाठराखीण पडलं. “पाठराखीण, बर्फ आण.” “पाठराखीण, आज दाढी करून यायचं सुचलं नाही का?” बाहेरचे पाहुणे आले की मला बोलावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “ते म्हणून दाखव.” मी म्हणून दाखवायचो. दिल्लीहून आलेल्या एका साहेबांनी तर दोनदा म्हणायला लावलं. मॅडम तेव्हा खिडकीबाहेर बघत होत्या. साहेब गेल्यावर मला म्हणाल्या, “त्यांना व्याख्या कळली. मागच्या खेपेस मी इंग्रजीत सांगितली होती, तेव्हा कळली नव्हती.” ही शाबासकी होती की आणखी काही, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

माशांशी मात्र त्या निराळ्याच असत. काचेच्या टाक्यांपुढे उभ्या राहिल्या की आवाज बदलायचा. “काय रे बाळा, पाणी गार आहे ना?” मासा मारायचा तर आधी त्याला औषधाच्या पाण्यात ठेवून पुरता झोपवायचा, हा त्यांचा कडक नियम. एकदा एका मुलाने घाईत अर्धवट झोपलेला मासा बाहेर काढला. मासा तडफडला. मॅडमनी तो स्वतःच्या हातात घेतला, परत पाण्यात ठेवला, तो शांत होईपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. मग त्या मुलाला म्हणाल्या, “तुझं ॲडमिशन रद्द करून टाकते. तूही जरा तडफड, म्हणजे समजेल.” आणि खरोखरच त्याला दुसऱ्या विभागात जावं लागलं. सकाळी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “बाळांना खायला घातलं?” आम्ही जेवलो की नाही, हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

भारतीबेन त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. चलथाणच्या. वडील तिथल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर. घरात कॉलेज शिकलेल्या त्या पहिल्याच, जसा आमच्या घरात मी. म्हणून असेल, त्या मला भाई म्हणायच्या आणि डब्यातलं थेपलं न विचारता माझ्या हातावर ठेवायच्या. आमचं बोलणं गुजरातीत व्हायचं, इथे बहुतेक मराठीत लिहितो. मॅडम नसताना त्यांची नक्कल करायच्या. कमरेवर हात ठेवून, मान जराशी वाकडी करून, “पुन्हा.”

“पुन्हा” हा मॅडमचा शब्द. तुम्ही काम नेऊन दाखवलं की त्या ते ट्यूबलाइटपुढे धरत, एक नजर टाकत, आणि चहा सांगावा तसं म्हणत, “पुन्हा.” काय चुकलं ते सांगत नसत. लेबल तिरकं चिकटवलं म्हणून माझं दिवसभराचं काम त्यांनी टोपलीत टाकलं होतं. लेबलाचं कारण मला आठवड्यानंतर, तेही भारतीबेनकडून कळलं.

भारतीबेनचे मासे चार वर्षांचे. म्हणजे चार वर्षं त्यांनी माशांना वेगवेगळ्या मिलचं पाणी देऊन कल्ल्यांचे नमुने जमवून फ्रीझरमध्ये ठेवले होते. आता एकच काम राहिलं होतं. त्या नमुन्यांतलं प्रथिन एका पांढऱ्या कागदावर उतरवायचं, अँटिबॉडी लावायची, आणि कागदावर एक तपकिरी रेघ उठलेली दाखवायची. ती रेघ आली की थीसिस पुरा. नाही आली तर चार वर्षांच्या माशांना काही अर्थ नव्हता. शिष्यवृत्ती पावसाळ्याच्या आधी संपणार होती. नवसारीला लग्न ठरलेलं होतं, आणि सासरच्यांनी सांगितलं होतं की शिक्षण पुरं करूनच या, पण आता आणखी थांबणार नाही.

रेघ येईना.

हे काम कसं चालतं ते थोडं सांगायला हवं. पहिली अँटिबॉडी, म्हणजे त्या व्हायलमधली, प्रथिनाला जाऊन चिकटते. पण तिला रंग नसतो. म्हणून वरून दुसरी घालायची. ती पहिलीला पकडते, आणि दुसरीला एक एन्झाइम जोडलेलं असतं. ते एन्झाइम रंग आणतं. आमच्या विभागात हे काम कोणीच केलेलं नव्हतं. फक्त मॅडमनी, परदेशात असताना केलं होतं.

आणि मॅडमचा एक दंडक होता: अँटिबॉडीचा थेंबही फुकट घालवायचा नाही. महिनाभराची एकदम पातळ करून ठेवायची, वापरून झाली की परत ट्यूबमध्ये ओतायची, आणि बुरशी धरू नये म्हणून तिच्यात चिमूटभर अझाइड घालायचं. अझाइड म्हणजे एक पांढरी, विषारी पूड. मॅडमनी हे पहिल्या अँटिबॉडीपुरतं सांगितलं होतं. भारतीबेनच्या घरी उसाच्या शेंड्याचं वाढंही वाया जात नाही. त्यांनी दुसरीलाही तेच केलं. मोठी ट्यूब भरली, अझाइड घातलं, आणि आपल्या वळणदार अक्षरात वर तसं लिहून फ्रिजच्या दारात उभी करून ठेवली.

कागद कोरा आला. मॅडम म्हणाल्या, “पुन्हा.”

भारतीबेननी पाणी बदललं. कागदाच्या रिकाम्या जागा झाकायला लावतात ती दुधाची पावडर बदलली. कागद बदलला. नवे मासे घेऊन पाहिले. नवा महिना लागला की मॅडम किल्लीने डबा उघडत, व्हायलमधला द्राव मोजून काढत, भारतीबेनच्या हातात देत, आणि दर वेळी संध्याकाळी कोरा कागद बघून म्हणत, “पुन्हा.” हिवाळा गेला, होळी गेली. भारतीबेन सोमवार धरायला लागल्या. एकदा मला म्हणाल्या, “भाई, मी कागदाला हात लावते तेव्हा मनात वाईट काही येत असेल का?” मी म्हणालो, “असं कसं होईल, भारतीबेन? हे सायन्स आहे.” त्या म्हणाल्या, “मला ठाऊक आहे सायन्स आहे. तरी विचारते.”

नकला करणं बंद झालं होतं.

एकदा माझ्यासमोर त्या मॅडमना म्हणाल्या, “मॅडम, एकदा तुम्ही माझ्या बाजूला उभं राहून बघाल? कुठे चुकतं तेवढंच.”

मॅडम टाकीतल्या माशांना दाणे घालत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. “मी उभी राहिले तर ते माझं काम होईल. डिग्री मला आहे एक.”

एके दिवशी मॅडमनी व्हायल उलटी करून टिचकी मारली आणि काहीच आलं नाही. त्या म्हणाल्या, “संपली.” रिकामी व्हायल परत डब्यात ठेवली, कुलूप लावलं. भारतीबेन तिथेच उभ्या होत्या. मॅडम म्हणाल्या, “लग्न कधी आहे?”

“वैशाखात.”

“मग तयारीला लाग.”

भारतीबेननी टेबल पुसलं, ट्यूब धुतल्या. फ्रिजच्या दारातली ती मोठी ट्यूबही धुऊन उपडी ठेवली. नमुन्यांचे डबे मला दाखवले, कुठल्या मिलचे कुठले. “टाकून नका देऊ हं, भाई,” एवढंच म्हणाल्या. लग्नाला मी गेलो होतो. मॅडमनी माझ्याबरोबर स्टीलचा डबा पाठवला होता, चांगला जड.

प्रकल्प तर पुरा व्हायलाच हवा होता. दिवाळीनंतर नवी व्हायल आली. एम.एस्सी. करून मी तिथेच मदतनीस म्हणून लागलो होतो. मॅडम म्हणाल्या, “भारतीचे नमुने काढ. तू कर.” मी दोन ट्यूबा घेतल्या तशा त्या जाता जाता म्हणाल्या, “अझाइड फक्त पहिलीत. दुसरीत घालायचं नाही.” लेबल सरळ लाव म्हणावं तसं म्हणाल्या. मी तेही तसंच ऐकलं.

संध्याकाळी कागदावर रेघा आल्या. तपकिरी, ठसठशीत. साध्या पाण्यातल्या माशाची फिकट, मिलच्या पाण्यातल्याची गडद. मॅडमनी कागद ट्यूबलाइटपुढे धरला, बराच वेळ धरला. मग म्हणाल्या, “हात चांगला आहे तुझा.” त्यांनी मला एवढंच एकदा चांगलं म्हटलं. त्या दिवशी मी उधना स्टेशनपासून घरी पायी गेलो. रिक्षात बसून राहणं जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी पीसीओवरून नवसारीला फोन लावला. सासूबाईंनी भारतीबेनना बोलावलं. मी सांगितलं, रेघ आली.

“आवी? खरेखर?” त्या ओरडल्याच. मग म्हणाल्या, “म्हणजे माझे मासे खरे होते.” पुढे म्हणाल्या, “तुमचा हात चांगला, भाई. माझ्याच हाताला यश नव्हतं.”

मी नाही नाही म्हणालो. पण आतून मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला जुने विद्यार्थी आले होते. भारतीबेनही आल्या, कडेवर मुलगी, हातात पेढ्यांचा बॉक्स. तिसऱ्या रांगेत बसल्या. मी स्टेजच्या कडेला माइकपाशी होतो.

मॅडम बोलायला उठल्या. कोणाचे आभार मानले नाहीत. म्हणाल्या, “मी कशी शिकवते, ते आज सांगते.” आणि सांगू लागल्या. एक मुलगी होती, नाव सांगत नाही. तिने दुसऱ्या अँटिबॉडीत अझाइड घातलं. अझाइडने बुरशी मरते, पण रंग आणणारं एन्झाइमही मरतं, हे तिला ठाऊक नव्हतं. “मी पहिल्याच आठवड्यात फ्रिज उघडला आणि ट्यूबवर वाचलं. एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. माझ्या गाइडने मला अख्खं वर्ष असंच कोरडं ठेवलं होतं, म्हणून मी आज इथे उभी आहे. या मुलीने सगळं बदललं. पाणी बदललं, दूध बदललं, मासे बदलले. उपास सुद्धा केले! ती ट्यूब तेवढी बदलली नाही. माझी एक पूर्ण व्हायल गेली त्यात.”

सभागृह हसलं. पुढे बसलेले मोठे लोक तर खूपच हसले. भारतीबेन मुलीला बिस्किट भरवत होत्या. त्यांनी सगळ्यांबरोबर हसायला सुरुवात केली होती. उपासाचं वाक्य आलं तेव्हा बिस्किटाचा हात मध्येच थांबला. मुलगी तोंड उघडून वाट बघत राहिली.

नंतर पाया पडायला रांग लागली. भारतीबेनचा नंबर आला. त्या वाकल्या नाहीत. म्हणाल्या, “मॅडम, तमने खबर हती?”

तुम्हाला माहीत होतं, असं गुजरातीत विचारलेल्याला मॅडमनी मराठीत उत्तर दिलं. खुशीत असल्या की त्या गुजराती माणसांशीही मराठीच बोलत. “पहिल्या आठवड्यापासून. तूच तर लिहिलं होतंस ट्यूबवर. अक्षर काय सुंदर आहे गं तुझं.” आणि मुलीच्या गालाला हात लावला. “आता जन्मात विसरणार नाहीस ना?”

मागून रांग ढकलत होती. भारतीबेन वाकल्या, पायांना हात लावला, आणि बाजूला झाल्या.

जेवायला थांबल्या नाहीत. मी फाटकापर्यंत गेलो. मी म्हणालो, “भारतीबेन, मला माहीत नव्हतं.” त्यांनी मान हलवली. मुलीने पेढ्यांच्या बॉक्सची दोरी धरून ठेवली होती. तो द्यायचा राहून गेला होता.

“एकदा म्हणायचं होतं ना, भाई,” त्या म्हणाल्या. “एकच वाक्य.” मग बस आली.

मी परत आलो तेव्हा मॅडम निघाल्या होत्या. रिक्षात फुलांचे हार मांडीवर, पायाशी भेटवस्तू, मनगटावरच्या त्या पुरुषी घड्याळात वेळ बघत. कमरेला किल्ली नव्हती. ती त्यांनी त्या दिवशी सकाळीच माझ्याकडे दिली होती. मी हात जोडले. रिक्षा सुरू झाली, वळणापर्यंत गेली, आणि थांबली. मॅडमनी बाहेर डोकं काढून मला हात केला.

मी पळत गेलो. त्या भारतीबेनविषयी काहीतरी विचारणार, असं मला अगदी खरं वाटलं. ती का थांबली नाही, रडत होती का, तिला काही सांग, असं काहीतरी. पळता पळता मी उत्तरंसुद्धा जुळवत होतो.

मॅडमचा चेहरा काळजीत होता. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

“या सगळ्या गडबडीत,” त्या म्हणाल्या, “आज बाळांना कोणी खायला घातलं का?”

“घातलं, मॅडम.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, आणि मागे टेकून बसल्या. रिक्षा निघून गेली.